टेपचं दुसरं टोक

सकाळी सहाच्या सुमाराला हेमचंद्र देवधर आपल्याच बाथरूमच्या दाराशी उभा राहून डाव्या भिंतीवर हात फिरवत होता आणि त्याला स्विच सापडत नव्हता. गिरगावातल्या या घरात त्याला एकतीस वर्षं झाली होती. हे बाथरूम त्यानेच आखलेलं होतं आणि स्विच उजव्या हाताला असावा हेही त्यानेच ठरवलेलं होतं. पण हात डावीकडेच गेला आणि गेल्यावर परत यायला तयार होईना. भिंत गार होती, सपाट होती, तिथे कधीच काही नव्हतं. तरी बोटं चाचपडत राहिली, कारण बोटांची खात्री होती. मागून वैदेही आली, उजवीकडचं बटण तिने दाबलं आणि म्हणाली, "अहो, आज तिसरा दिवस. एकदा डोळे दाखवून या." डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. बुधवारी शर्टाची बटणं लावताना हात उलटे पडले होते, गुरुवारी ऑफिसच्या जिन्यावर तो कठडा नसलेल्या बाजूला आधार शोधायला गेला होता आणि थोडक्यात वाचला होता. त्याला भीती वाटत होती. साठी ओलांडलेल्या माणसाला अशा वेळी डोक्यात काहीतरी फुटल्याची भीती वाटते, तशी ही नव्हती. आपण वावरतोय ते घर कोणीतरी उलटं करून ठेवलंय आणि ते फक्त आपल्या हातांना कळलंय, अशी ती भीती होती.

हे कशामुळे, ते त्याला ठाऊक होतं. ठाऊक असूनही न पाहायची विद्या माणसाला वयाबरोबर येते, आणि हेमचंद्राकडे ती भरपूर होती. छत्तीस वर्षं तो मुंबईतल्या जुन्या इमारतींना हात लावून त्यांचं आयुष्य सांगत आला होता. भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केली की प्लास्टर कुठे सुटलंय ते तो सांगायचा. चाळीतली माणसं त्याला डॉक्टर म्हणायची आणि त्याला ते आवडायचं. आता डिलाईल रोडच्या आतल्या गल्लीतली भिवाजी बिल्डिंग पाडायची होती, तिथे टॉवर व्हायचा होता, आणि सोमवारी हेमचंद्राने एका कागदावर सही करायची होती: जुना नकाशा आणि जागेवरची इमारत तंतोतंत जुळतात. नकाशात जेवढ्या खोल्या तेवढी नवी घरं. जुना नकाशा कोणाचा, तर त्याचाच. एक्याण्णव साली, सत्तावीस वर्षांचा असताना, दुरुस्तीच्या कामासाठी त्याने तो काढला होता. तळमजला धरून तीन मजले, मधोमध जिना, दोन्ही बाजूंना आठ-आठ खोल्या, दोन्ही टोकांना संडास. एकूण अठ्ठेचाळीस खोल्या. चाळीस वर्षांची नाही की पन्नास वर्षांची नाही, चांगली शंभरी गाठलेली ती चाळ, आणि तिच्याविषयी जो जो कागद पुढे झाला तो याच नकाशावरून उतरवलेला. सही दोन मिनिटांचं काम होतं. सही झाली की आठवड्याभरात पाडकाम सुरू होणार होतं.

मंगळवारी दर्शना सकपाळ ऑफिसात आली. बेचाळिशीची बाई, लाल रंगाची मोठी पर्स, रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला. उन्मेष, त्याचा तरुण भागीदार, तिला बाहेरच्या बाहेर वाटेला लावायच्या बेतात होता, पण ती सरळ आत आली आणि उभ्यानेच म्हणाली, "साहेब, मी भिवाजीत एकोणपन्नास नंबरमध्ये राहते. वरचा मजला, उजवं टोक. तुमच्या नकाशात तिथे संडास दाखवलाय. म्हणजे मी जन्मापासून संडासात राहते, असं झालं."

उन्मेष म्हणाला, "मॅडम, चाळीच्या कमिटीचं म्हणणं आहे की ती खोली नंतर काढली. संडास बंद करून. भाड्याच्या पावत्या मागाहून केल्यात."

"कमिटी काय, काहीही बोलेल. एक घर जास्त निघालं तर सगळे कागद परत फिरणार, वर्ष जाणार. त्यांना घाई आहे. पण एक्याण्णवला आम्ही तिथेच होतो ना. हे साहेब स्वतः आलेले. माझ्या आईने यांच्या टेपचं टोक धरलेलं. मी दारात बसून पाढे लिहीत होते." मग हेमचंद्राकडे वळून, "तुम्हाला आठवत असेल ना, साहेब? आनंदीबाई. माझी आई."

"आठवत नाही," हेमचंद्र म्हणाला. हे वाक्य साठीच्या माणसाला शोभून दिसतं, कोणी त्यावर वाद घालत नाही. दर्शनानेही घातला नाही. तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं, लॅबमध्ये सुई टोचताना शीर शोधतात तसं, आणि गेली. ती गेल्यावर उन्मेषने जुना नकाशा स्कॅन करायला टेबलावर पसरला. ट्रेसिंग पेपर, आरपार दिसणारा, पिवळा पडलेला. उन्मेषच्या हातून तो पालथा पडला होता. सगळी अक्षरं उलटी, हेमचंद्राची सहीही उलटी. पण इमारत मात्र तशीच दिसत होती. सुलटी काय अन् पालथी काय, तीच इमारत. "सर, काय सिमेट्री आहे," उन्मेष कौतुकाने म्हणाला.  दुसऱ्या दिवशी सकाळपासून हेमचंद्राचा हात डावीकडे जायला लागला.

आता ही आरशाची युक्ती धंद्यातल्या माणसाला सांगायला नको, पण इतरांना सांगायला हवी. हेमचंद्र ज्यांच्या हाताखाली शिकला ते नाना तोंडात पान धरून म्हणायचे, "बाबा रे, चाळ बांधणारा अर्धीच चाळ बांधतो. उरलेली अर्धी आरशातली. तू पण अर्धीच मोज." म्हणजे जिन्याच्या डाव्या अंगाची मापं घ्यायची, ती काढायची, मग ट्रेसिंग पेपर पालथा घालून जिन्याच्या रेघेला रेघ जुळवायची आणि तेच उजवीकडे गिरवायचं. एका दिवसात दोन दिवसांचं काम. शेकडो चाळी अशा झाल्या, कोणाचं काही बिघडलं नाही. पुढे हेमचंद्राने हीच युक्ती आपल्या हाताखालच्या प्रत्येकाला शिकवली, नानांचा आवाज काढून, आणि सगळे हसायचे. पण भिवाजी बिल्डिंगमध्ये तो फक्त डावीच बाजू मोजून थांबला नव्हता. तेव्हा तो नवा होता, भाबडा होता, आणि नाना बघत नसताना त्याने उजवी बाजूही मोजली होती, सगळी, शेवटच्या टोकापर्यंत.

ऑक्टोबरचं ऊन होतं. गिरणीचा भोंगा होऊन गेला होता, गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांतून वाकून चालावं लागत होतं. वरच्या मजल्यावर उजव्या टोकाला संडासाऐवजी एक हिरवं दार होतं. मालकाने कधीकाळी तुंबलेले संडास बंद करून तिथे खोली काढली होती, आणि तशी खोली कोण घेणार, म्हणून ती बौद्धांच्या एका कुटुंबाला दिली होती, अख्ख्या चाळीत एकट्या कुटुंबाला. आत भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली घासूनपुसून रचलेली भांडी, दारात पाटी घेऊन बसलेली एक मुलगी. आणि आनंदीबाई. टेप धरायला माणूस नव्हता, म्हणून तिनेच टोक मागून घेतलं. कातडी डबीतला शंभर फुटी टेप, टोकाला पितळेची कडी. नानांची पद्धत अशी की टोक धरणाऱ्याने धरलं की दोन हिसके द्यायचे, मग वाचणाऱ्याने माप मोठ्याने म्हणायचं, टोकवाल्याने ते परत म्हणायचं, आणि वहीत दोघांची नावं लिहायची, कारण चूक झाली तर ती दोघांची. हेमचंद्राने हे सांगितलं तेव्हा आनंदीबाई हसली होती. "माझं नाव वहीत? बरं, लिवा." दोन हिसके आले. "दहा दोन," हेमचंद्र म्हणाला. "दहा दोन," आतून आवाज आला. अकरा साडेपाच. अकरा साडेपाच. तिच्या आवाजात अशी काही खुशी होती की त्याला उगाच बरं वाटलं होतं. मग तिने विचारलं, "पाणी घेणार, साहेब?" आणि तो म्हणाला, "नको, घाई आहे." उन्हाने घसा सुकला होता. घाई कसलीच नव्हती. खालच्या मजल्यावर एका घरी तो मघाशी तांब्याभर पाणी प्यायला होता.

आणि मग ऑफिस. नाना म्हणाले, उद्या सकाळी शीट हवी. हेमचंद्राने डावी बाजू काढली, कागद पालथा घातला, उजवी गिरवली. उजव्या टोकाला आपसूक संडास येऊन बसले. वही शेजारी उघडी होती. ब्लेडने शाई खरवडायची, कागद फाटू न देता पुसायचं, पुन्हा रेघा मारायच्या, म्हणजे तासाभराचं काम. तो त्या संडासांकडे बघत राहिला. कोण बघतंय, असं त्याच्या मनात आलं. आणि त्याच्या खालून, तळातून, आणखी एक वाक्य वर आलं, जे त्याने आजवर वैदेहीलाही सांगितलं नव्हतं, स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं: मुळात संडासच आहे तो. त्या वाक्याने हात हलका झाला. त्याने सही केली आणि घरी जाऊन जेवला.

गुरुवारी तो माळ्यावर चढला तेव्हा वही सापडू नये असं त्याला मनापासून वाटत होतं. मापांच्या वह्या सुतळीने बांधलेल्या होत्या, वैदेही कधीची मागे लागली होती की ही रद्दी काढा, झुरळं होतात. तिसऱ्याच गठ्ठ्यात ती निघाली. तपकिरी पुठ्ठा, भिवाजी बिल्डिंग, ऑक्टोबर एक्याण्णव.  वरचा मजला, उजवं टोक, खो. ४९. दहा दोन, अकरा साडेपाच. वाचन: हेमचंद्र. टोक: आनंदीबाई. अक्षर त्याचंच, तरणंताठं, उजवीकडे झुकलेलं. हे पान दर्शनाला घर देणार होतं. आणि हेच पान सांगणार होतं की देवधरांना सगळं ठाऊक होतं आणि त्यांनी खोटा नकाशा काढला. छत्तीस वर्षांचं नाव, उन्मेषचं ऑफिस, दारावरची पाटी, सगळं या एका पानापायी पाण्यात. खालून वैदेही म्हणाली, "मिळालं का हवं ते? उरलेलं खाली टाका, शनिवारी रद्दीवाला येतोय." तो वही हातात धरून माळ्यावरच बसून राहिला. रद्दीच्या गठ्ठ्यात ही एक गेली तर जगात कोणालाही कळणार नव्हतं, आणि हा विचार त्याला एखाद्या गार हाताने कपाळ चेपावं तसा सुखावून गेला. त्याची त्याला शिसारी आली. तरी त्याने तो विचार सोडला नाही. वही पिशवीत टाकली, नुसती टाकली, काही ठरवलं नाही.

शुक्रवारी दुपारी त्याने दर्शनाला फोन केला. "जागा बघायला येतो." ती म्हणाली, "या. मी ड्युटीवर आहे, पाचपर्यंत पोचते. नुसती कडी लावलीय, उघडून बसा. चाळीत आता कोणी नाही, सगळे भाड्याच्या घरांत गेले. मी एकटीच आहे." लेझरचं यंत्र उन्मेषच्या कपाटात होतं आणि ते मागायचं तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून हेमचंद्राने कातडी डबीचा जुनाच टेप घेतला. लालबागच्या नाक्यावर टॅक्सी सोडली, मसाला कुटायच्या डंखांच्या खकाण्याने ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. पूल ओलांडून डिलाईल रोडच्या गल्लीत वळल्यावर ठसका थांबला. गल्ली गजबजलेली होती, पण भिवाजीच्या चौकात पाय टाकला आणि आवाज मागे राहिले. दारांवर कुलुपं. कुणाच्या उंबऱ्यावर वाळलेलं झेंडूचं तोरण अजून लटकत होतं. शंभर वर्षं माणसांनी भरलेली जागा रिकामी झाली की ती रिकामी वाटत नाही, सगळे आतून दाराला कान लावून बसलेत असं वाटतं. त्याला परत जावंसं वाटलं. तो जिना चढला.

वरच्या मजल्यावर पोचून तो उजवीकडे वळला, दारं मोजत गेला. आठ दारं, आणि टोकाला चार संडास. पत्र्याची दारं, एकाचं बिजागर तुटलेलं. तो थबकला आणि त्याच्या छातीवरचं ओझंच उतरलं. म्हणजे नकाशा बरोबर होता. म्हणजे ती बाई चुकत होती, आणि आपण, आपण काहीच केलं नव्हतं. त्याने समाधानाने कठड्यावर हात टेकला, खाली चौकात पाहिलं, आणि उन्हाची तिरीप कुठल्या बाजूने येतेय ते त्याच्या लक्षात आलं. तो डावीकडे आला होता. निमूटपणे तो जिन्यापर्यंत परत आला. पुन्हा वळला, आता मनात उजवं, उजवं म्हणत. आठ दारं. चार संडास. तेच तुटलेलं बिजागर.  अख्खी चाळ पालथी घातल्यासारखी झाली होती, कुठूनही गेलं तरी त्याच्याच नकाशात पोचत होती. तो मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "चल, पुरे." रिकाम्या गॅलरीत आवाज घुमला आणि त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. मग त्याने जेवायचा हात कठड्यावर ठेवला, ज्या हाताने आयुष्यभर सह्या केल्या तो, आणि तो हात न उचलता, डोळे मिटून, आंधळ्यासारखा, जिना ओलांडून पुढे सरकत गेला. डोळे उघडले तेव्हा समोर हिरवं दार होतं.

कडी काढून त्याने दार ढकललं. आत अंधारलेलं होतं, खिडकी लावलेली. फिनेलचा आणि भाताचा वास. तसबिरी होत्या तिथेच होत्या, त्यांच्या शेजारी आणखी एक, बाईची, हार घातलेली. चेहरा नीट दिसत नव्हता. त्याने चपला काढल्या, पण उंबऱ्यातच बसला, आत जायचा धीर होईना. टेप बाहेर काढला. टोक धरायला कोणी नव्हतं. कडीवर वीट ठेवावी, वीट मागाहून बघू, असा विचार करून त्याने पितळेची कडी आत समोरच्या भिंतीच्या दिशेने टाकली. ती फरशीवर वाजली. मग वाजायची थांबली. टेप हळूहळू फरशीवरून वर उचलला गेला, कमरेइतका, आणि ताठ झाला. दोन हिसके आले.

हेमचंद्राला ओरडता आलं नाही. डबी त्याच्या मुठीत होती आणि मूठ सुटत नव्हती. समोर अंधार होता, त्यात भांड्यांची चकाकी. त्याने टेप ओढून पाहिला. तो निघाला नाही. ओढ रागाची नव्हती, घाईची नव्हती, काम चोख व्हावं म्हणून एखादा टोक धरून उभा राहतो तेवढीच ती होती, आणि त्यामुळेच त्याचा जीव जास्त घाबरा झाला. सवयीने त्याची नजर अंगठ्याखालच्या आकड्यावर गेली. दहा फूट दोन इंच. ते मोठ्याने म्हणायचं असतं हे त्याला आठवलं, आणि म्हटलं की काय होईल तेही कळलं. तो गप्प बसला. टेपही तसाच राहिला.

"आलात, साहेब?" आवाज मागून आला, जिन्याकडून. दर्शना होती. लाल पर्स, हातात दुधाची पिशवी, धाप लागलेली. हेमचंद्राने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा आत. तिने त्याच्या खांद्यावरून डोकावलं. ताठ टेप तिला दिसला असणार. ती आत गेली नाही. दुधाची पिशवी तिने कठड्यावर ठेवली आणि त्याच्या शेजारी खाली बसली, बहुतेक त्याच जागी, जिथे पाढे लिहीत बसली होती.

डबी गुडघ्यांत धरून त्याने पिशवीतून वही काढली. शेवटची काही पानं कोरी होती. त्यातल्या एकावर तारीख लिहिली. खो. ४९. "दहा दोन," तो म्हणाला, आणि तेवढं लिहिलं. आतून काही आवाज आला नाही. वाचन: हेमचंद्र. टोक: इथे पेन थांबलं. मग त्याने सावकाश लिहिलं, आनंदीबाई.

दर्शनाने वाचलं. "आईला जाऊन अकरा वर्षं झाली, साहेब."

"हो." त्याने वही उलट चाळली, एक्याण्णवच्या पानावर बोट ठेवलं आणि वही तिच्या मांडीवर दिली. तिने ते पान पाहिलं. आईचं नाव पाहिलं. ते तिने दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा ओठ हलवून. तिच्या डोळ्यांत पाणी येईल असं त्याला वाटलं होतं, खरं तर तो त्याची वाट बघत होता, कारण मग तिची समजूत घालता आली असती. ते आलं नाही.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"ठाऊक होतं."

"मंगळवारी पण?"

"मंगळवारी पण. एक्याण्णवपासूनच ठाऊक होतं. मी या खोलीत आलो होतो. माप घेतलं होतं. मग ऑफिसात जाऊन मी इथे संडास काढला, कारण मला वाटलं, काय फरक पडतो." त्याला वाटलं होतं हे बोलल्यावर हलकं वाटेल. वाटलं नाही, नुसती लाज वाटली, अंगभर, तापासारखी. "घसा सुकलाय," तो म्हणाला. "पाणी मिळेल?"

"पाणी नाही," दर्शना म्हणाली. तिच्या आवाजात खुन्नस नव्हती. "चार दिवस झाले, नळ तोडलाय. कमिटीने सांगून तोडला." तिने वही मिटली, पर्समध्ये घातली, चेन लावली. हेमचंद्राचा हात न कळत पुढे झाला होता. "ही माझ्याकडे राहू दे," ती म्हणाली. "सोमवारी मीच घेऊन येते. तुमच्याकडे नको."

"बरं," तो म्हणाला.

तेव्हा टेप सैल झाला. त्याने सवयीने डबीची मूठ फिरवली आणि फीत सरपटत आत यायला लागली, फरशीवरून, उंबऱ्यावरून. शेवटी पितळेची कडी त्याच्या पायाशी येऊन पडली. त्याने ती उचलली. ती गरम होती, कोणीतरी बराच वेळ मुठीत धरून ठेवल्यावर होते तेवढी.